दुकान ते डाळ मिल: स्टॅटिक रूट टाकताना आधी परतीचा रस्ता

दाणा बाजारातल्या दुकानात बसून एमआयडीसीतल्या डाळ मिलचा वजनकाटा आणि कॅमेरे बघायचे आहेत. मधे रेडिओ लिंक टाकली, लिंकचे दिवे हिरवे झाले, राऊटरमध्ये स्टॅटिक रूट, म्हणजे हाताने लिहिलेला रस्ता, भरला. तरी मुनीमजींच्या पीसीवर काहीच उघडत नाही. मग फोन येतो, ‘भाऊ, कॅमेरा चाली नही ऱ्हायना!’

जळगावात असे फोन मला इतके आले आहेत की पहिला प्रश्न आता ठरून गेलाय: मिलच्या राऊटरमध्ये काय भरलंय? उत्तर बहुतेक वेळा एकच असतं. तिथे काही भरायचं असतं का?

असतं. दुकानाच्या राऊटरला मिलचा रस्ता सांगितला की पाकीट (डेटाचा तुकडा) मिलपर्यंत पोचतं. पण त्याचं उत्तर परत कुठून पाठवायचं हे मिलच्या राऊटरला ठाऊक नसेल, तर तो ते उत्तर आपल्या इंटरनेटच्या दिशेने ढकलतो आणि ते तिथेच विरतं. म्हणून खालचा सगळा क्रम मी उलटा लावलाय: आधी मिल, मग दुकान.

उदाहरणात दोन्हीकडे मायक्रोटिकचे राऊटर धरले आहेत, कारण आपल्याकडे लहान उद्योगांत ते बरेच दिसतात. दुसरा कोणताही असला तरी क्रम हाच. एक सूचना आत्ताच: इथे पत्ते देवनागरी आकड्यांत आहेत, पण राऊटरमध्ये आकडे इंग्रजीच भरायचे आणि कमांडही इंग्रजी अक्षरांतच टाइप करायच्या.

## टप्पा १: कागदावर पत्ते

लॅपटॉप उघडण्याआधी कागद घ्या. आपल्या उदाहरणातले पत्ते असे (/२४ म्हणजे पहिले तीन आकडे नेटवर्कचे, शेवटचा यंत्राचा):

- दुकानाचं नेटवर्क: १९२.१६८.१०.०/२४, राऊटर १९२.१६८.१०.१
- मिलचं ऑफिस आणि काटा: १९२.१६८.२०.०/२४, राऊटर १९२.१६८.२०.१, काट्याचा पीसी १९२.१६८.२०.२०
- मिलचे कॅमेरे: १९२.१६८.३०.०/२४, राऊटर १९२.१६८.३०.१, एनव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग ठेवणारा डबा) १९२.१६८.३०.१०
- मधली लिंक: १०.१०.१०.०/२९, दुकानाचा राऊटर १०.१०.१०.१, मिलचा १०.१०.१०.२, दुकानाच्या गच्चीवरचा रेडिओ १०.१०.१०.३, मिलच्या शेडवरचा १०.१०.१०.४

लिंकला /२९ का? पुस्तकात दोन राऊटरमधल्या लिंकला /३० देतात. त्यात वापरता येण्याजोगे पत्ते दोनच, ते दोन राऊटरमध्येच संपतात. मग रेडिओंना पत्ता उरत नाही आणि सिग्नल बघायचा तर माणूस शिडी घेऊन पत्र्यावर. /२९ मध्ये सहा पत्ते मिळतात, मास्क, म्हणजे /२९ चंच लांब रूप, २५५.२५५.२५५.२४८.

दोन्ही रेडिओ ब्रिज मोडमध्येच, म्हणजे नुसती तार असल्यासारखे, ठेवा. रेडिओलाच राऊटर करून ठेवणारे भेटतात. मग एकाच रस्त्यावर चार राऊटर होतात आणि रूट कुठे टाकायचा हेच कळेनासं होतं. दोन्ही रेडिओंचा गेटवे (नेटवर्कबाहेरची पाकिटं ज्याच्याकडे द्यायची तो राऊटर) १०.१०.१०.१ द्या, म्हणजे दुकानातून दोघांचं पान उघडेल.

थांबा: दोन्ही ठिकाणी १९२.१६८.१.० हेच नेटवर्क असेल तर पुढे जाऊच नका. नवीन राऊटर डब्यातून काढून तसाच लावला की बहुतेकदा असंच होतं. आपल्याच दारातलं नेटवर्क राऊटरला आधी दिसतं, त्यामुळे मिलकडचं पाकीट दुकानाबाहेर पडतच नाही. यावर कोणताही स्टॅटिक रूट इलाज नाही. एका बाजूचे पत्ते बदलावेच लागतात. बदलताना प्रिंटर, हजेरीचं बायोमेट्रिक मशीन आणि एनव्हीआर यांना हाताने दिलेले पत्ते आधी लिहून घ्या. डीएचसीपीवरची यंत्रं (त्यांना राऊटरच पत्ता वाटतो) आपोआप बदलतात, ही तीन बदलत नाहीत. हे काम मिल बंद असेल त्या दिवशी करा. काट्यावर तुरीचे ट्रक उभे असताना कोणी पत्ते बदलत नाही.

## टप्पा २: प्रत्येक यंत्राचा गेटवे कोण, ते बघा

स्टॅटिक रूट टाकायची जागा म्हणजे पीसींचा डिफॉल्ट गेटवे असलेलं यंत्र. दुकानात इंटरनेटवाल्याने बसवलेला डबा १९२.१६८.१०.१ असेल आणि तुमचा मायक्रोटिक बाजूला १९२.१६८.१०.२ वर असेल, तर पीसी सगळी पाकिटं त्या डब्यालाच देणार. मायक्रोटिकमध्ये कितीही रूट भरा, त्याला विचारतो कोण?

अशा वेळी मायक्रोटिकलाच दुकानाचा मुख्य राऊटर करावा आणि इंटरनेटवाल्याचा डबा त्याच्या मागे, वॅनच्या, म्हणजे इंटरनेटच्या, बाजूला न्यावा. यात तासभर जास्त जातो, पण पुढची वर्षं सुखाची जातात. काही जण त्या डब्यातच मिलचा रूट टाकून मोकळे होतात. त्याने पाकीट जाताना डब्यातून जातं, येताना मायक्रोटिककडून थेट पीसीकडे येतं, आणि डब्याच्या फायरवॉलला अर्धंच संभाषण दिसतं. मग पिंग (यंत्राला मारलेली हाक) लागतो पण एनव्हीआरचं पान लटकतं. अशा तक्रारीवर मी एकदा आख्खी दुपार घालवलीय. केबल बदलली, रेडिओ हलवला, आणि दोष निघाला असा.

मिलच्या बाजूला एनव्हीआर आणि काट्याच्या पीसीत गेटवेची जागा रिकामी नाही ना, तेही बघा. कॅमेरेवाले एनव्हीआरला पत्ता देतात, गेटवे सोडून देतात, कारण त्याच नेटवर्कमध्ये त्याच्यावाचून काही अडत नाही. दुकानातून विचारलं की मात्र एनव्हीआर मुका होतो. एनव्हीआरचा गेटवे १९२.१६८.३०.१, काट्याच्या पीसीचा १९२.१६८.२०.१.

## टप्पा ३: मिलवर लिंकचं पोर्ट मोकळं करा

आता मिलवर जा. दुकानात बसून हे काम होत नाही: परतीचा रस्ता नसेपर्यंत दुकानाच्या पीसीला मिलच्या राऊटरचं उत्तरच येणार नाही.

१. विनबॉक्समध्ये (मायक्रोटिकची सेटिंग करायचं सॉफ्टवेअर) डाव्या मेनूतल्या फाइल्समधून बॅकअप घ्या आणि तो लॅपटॉपवर ओढून ठेवा. राऊटरमध्येच राहिलेला बॅकअप राऊटर बिघडला की काय कामाचा?

२. सेफ मोडचं बटण दाबा. मधेच तुमचा संपर्क तुटला तर राऊटर तेवढे बदल स्वतःहून मागे घेतो.

३. रेडिओची केबल पाचव्या पोर्टात आहे असं धरू. डब्यातून आलेल्या घरगुती मॉडेलमध्ये पहिलं पोर्ट इंटरनेटला आणि बाकीची सगळी एका ब्रिजमध्ये असतात. ब्रिज, मग पोर्ट्स इथे जाऊन पाचवं पोर्ट ब्रिजमधून काढा. हे विसरलात तर दुकान आणि मिल एकाच तारेवर येतात आणि दोन डीएचसीपी सर्व्हर भांडत बसतात. मिलच्या पीसीला दुकानाचा पत्ता मिळाला, की समजा पोर्ट ब्रिजमध्येच राहिलंय.

४. आयपी, मग ॲड्रेसेस इथे १०.१०.१०.२/२९ भरा, इंटरफेस पाचवं पोर्ट. शेवटचं /२९ गाळलं तर मायक्रोटिक तो पत्ता /३२ धरतो, म्हणजे एकट्याचाच. मग समोरचा राऊटर त्याला शेजारी वाटतच नाही. चूक एवढीशी, पण फार वेळा होते.

५. इंटरफेसेस, मग इंटरफेस लिस्ट इथे पाचवं पोर्ट ‘लॅन’ यादीत घाला. मूळ फायरवॉलचा नियम असा आहे की ‘लॅन’ यादीत नसलेल्या पोर्टावरून राऊटरकडे आलेली विचारणा टाकून द्यायची. ब्रिजमधून बाहेर काढलेलं पोर्ट त्या यादीतूनही बाहेर पडलेलं असतं.

तपासा: लॅपटॉप मिलच्या नेटवर्कवर असताना १०.१०.१०.२ ला पिंग लागला पाहिजे. राऊटरच्या टूल्समधल्या पिंगवरून १०.१०.१०.४, मग १०.१०.१०.३ ही दोन्ही रेडिओंची उत्तरं आली पाहिजेत. दूरचा रेडिओ उत्तर देत नसेल तर दोष लिंकमध्ये आहे. रूटला हात लावू नका.

## टप्पा ४: मिलवर परतीचा रूट

आयपी, मग रूट्स, मग अधिकचं चिन्ह. दोनच जागा भरायच्या:

- डीएसटी ॲड्रेस: १९२.१६८.१०.०/२४
- गेटवे: १०.१०.१०.१

बस. इथे लोक दोन प्रकारे चुकतात.

पहिली चूक म्हणजे पत्त्यात नेटवर्कच्या जागी यंत्र लिहिणं. १९२.१६८.१०.५/२४ हे नेटवर्क नाही, त्या नेटवर्कमधलं एक यंत्र आहे. /२४ असेल तर शेवटचा आकडा शून्यच. विंडोज अशी नोंद थेट नाकारतो आणि मास्क चुकीचा आहे म्हणतो. माणूस मग मास्कशी झटत बसतो, चूक पत्त्यात असते.

दुसरी चूक गेटवेत. मिलच्या राऊटरमध्ये गेटवे म्हणून १९२.१६८.१०.१ लिहितात, ‘कारण दुकानाचा राऊटर तोच ना?’ तोच, पण त्याचं ते तोंड मिलला दिसत नाही. जळगावहून धुळ्याला निघालेल्या माणसाला ‘पारोळ्याला डावीकडे वळ’ सांगून जळगावच्या चौकात काय उपयोग? इथे त्याला एरंडोलचा रस्ता दाखवायचा. पुढचं एरंडोलवाला सांगेल. गेटवे म्हणजे आपल्या तारेवरचा, थेट हाक ऐकू येणारा पुढचा राऊटर. आपला गेटवे लिंकच्याच नेटवर्कमधला आहे का, ते दर वेळी ताडून बघा.

तपासा: नव्या ओळीपुढे ‘ए’ हे अक्षर आलं पाहिजे, म्हणजे रूट चालू. नसेल तर गेटवे दिसत नाहीये; टप्पा ३ मधलं /२९ परत बघा. पण ‘ए’ दिसलं म्हणून समोरचा राऊटर जिवंत आहे असं समजू नका. पोर्टात केबल आहे आणि गेटवे त्या नेटवर्कमध्ये बसतो, एवढंच ते सांगतं.

सेफ मोड बंद करून बदल पक्के करा. तो चालू ठेवून विनबॉक्स बंद केलं तर केलेलं सगळं पुसलं जातं. हा अनुभव प्रत्येकाला एकदा येतोच.

## टप्पा ५: दुकानात जाण्याचे रूट

दुकानाच्या राऊटरवर टप्पा ३ जसाच्या तसा करा, फक्त पत्ता १०.१०.१०.१/२९. मग दोन रूट:

- १९२.१६८.२०.०/२४, गेटवे १०.१०.१०.२
- १९२.१६८.३०.०/२४, गेटवे १०.१०.१०.२

मिलमागे दोन नेटवर्कं आहेत म्हणून इथे दोन ओळी. कॅमेऱ्यांची ओळ विसरली जाते, काट्याची कोणी विसरत नाही. पत्ते ठरवतानाच २० आणि २१ घेतले असते तर १९२.१६८.२०.०/२३ या एका ओळीत दोन्ही बसले असते. २० आणि ३० तसे जोडता येत नाहीत. नवीन जागी काम असेल तर हे लक्षात ठेवा. चालू मिलमध्ये एका ओळीसाठी कॅमेऱ्यांचे पत्ते बदलायला जाऊ नका.

डिफॉल्ट रूटला, म्हणजे ०.०.०.०/० या ओळीला, हात लावायचा नाही. ती इंटरनेटची आहे. ‘ती मिलच्या रूटच्या आधी लागेल का’ असं विचारतात. नाही लागत. राऊटर सगळ्यांत नेमकी जुळणारी ओळ निवडतो. /२४ ही /० पेक्षा नेमकी. यादीत कोण वर, कोण खाली याला अर्थ नाही.

## टप्पा ६: नॅट तपासा

आयपी, फायरवॉल, नॅट इथे मास्करेडचा नियम असेल. तो बाहेर जाणाऱ्या पाकिटावर पाठवणाऱ्याऐवजी राऊटरचाच पत्ता टाकतो. त्यात बाहेर जाण्याची बाजू ‘वॅन’ यादी किंवा इंटरनेटचं पोर्ट असली पाहिजे. ती जागा रिकामी असेल तर लिंककडे जाणाऱ्या पाकिटांचाही पत्ता बदलतो.

याची गंमत अशी की ही चूक असताना परतीचा रूट नसला तरी दुकानातून मिल दिसते! कारण प्रत्येक पाकीट १०.१०.१०.१ च्या नावाने जातं आणि तो पत्ता मिलच्या शेजारचाच. काम झालं म्हणून माणूस घरी जातो. महिनाभराने काट्याच्या पीसीवरून दुकानातल्या प्रिंटरवर पावती छापायची वेळ येते आणि ती छापली जात नाही. एनव्हीआरच्या नोंदींतही सगळे एकाच पत्त्यावरून आलेले दिसतात, कोणी काय बघितलं ते कळत नाही. नॅट इंटरनेटपुरतं ठेवा. आतल्या रस्त्यांना रूटच हवा.

## टप्पा ७: तपासणी, पायरीपायरीने

आधी लॅपटॉपचं वाय-फाय आणि मोबाईलचा हॉटस्पॉट बंद करा, फक्त केबल ठेवा. मोबाईलवरच्या कॅमेऱ्याच्या ॲपने तपासू नका. ते इंटरनेटवरून, कंपनीच्या सर्व्हरमार्फत जोडलं जातं. लिंक उपटून ठेवली तरी त्यात चित्र दिसेल.

दुकानाच्या पीसीवरून या क्रमाने पिंग करा आणि जिथे अडेल तिथे थांबा:

१. १९२.१६८.१०.१. अडलं तर पीसी किंवा केबल.

२. १०.१०.१०.१. अडलं तर पीसीचा गेटवे चुकलाय.

३. १०.१०.१०.२. अडलं तर लिंक, नाहीतर मिलवर परतीचा रूट नाही. दोघांत फरक करायचा तर राऊटरच्या टूल्समधून १०.१०.१०.२ ला पिंग करा. राऊटरवरून लागतो आणि पीसीवरून लागत नाही, तर परतीचाच रूट. राऊटर स्वतः पिंग करतो तेव्हा लिंकचा पत्ता वापरतो, आणि त्याला उत्तर द्यायला मिलला रूट लागत नाही. याच कारणाने ‘राऊटरवरून तर लागतोय’ ही साक्ष ग्राह्य धरायची नाही. पिंगच्या पानावर स्रोत पत्त्याच्या जागी १९२.१६८.१०.१ लिहून बघा, मग खरं काय ते कळतं.

४. १९२.१६८.२०.१ आणि १९२.१६८.३०.१. एक लागतो, एक नाही, तर टप्पा ५ मधली एक ओळ राहिलीय.

५. १९२.१६८.३०.१०, म्हणजे एनव्हीआर. इथेच अडलं तर त्याचा गेटवे रिकामा.

काट्याच्या पीसीला पिंग लागला नाही म्हणून घाबरू नका. विंडोजची फायरवॉल पिंगला आणि फाइल शेअरिंगला बहुधा आपल्याच नेटवर्कमधून परवानगी देते, परक्या नेटवर्कला नाही. त्या पीसीवर फायरवॉलच्या नियमात १९२.१६८.१०.०/२४ ला वाट करून द्या. आख्खी फायरवॉल बंद करू नका. मिलमधल्या पीसीत कोण कुठला पेनड्राइव्ह घालतो, सांगता येत नाही.

पिंगने उलगडा झाला नाही तर कमांड प्रॉम्प्टवर ट्रेसर्ट वजा-डी आणि एनव्हीआरचा पत्ता द्या. तीनच पावलं दिसावीत: १९२.१६८.१०.१, १०.१०.१०.२, मग एनव्हीआर. दुसऱ्या पावलावर इंटरनेटवाल्याचा अनोळखी पत्ता दिसला तर दुकानातला रूट नाही किंवा बंद आहे. दोन्ही राऊटरचे पत्ते आलटून पालटून येत राहिले तर दोन्ही राऊटर एकमेकांकडे बोट दाखवताहेत. कुणीतरी मिलच्या राऊटरवर मिलच्याच नेटवर्कचा रूट दुकानाकडे लावलाय आणि तिथल्या कॅमेऱ्यांच्या पोर्टाचा पत्ता उडालाय.

आता उलटं करा. मिलवर कोणाला तरी बसवून काट्याच्या पीसीवरून दुकानाच्या प्रिंटरला पिंग करायला सांगा. एका दिशेने चाललं म्हणजे दुसऱ्या दिशेने चालतंच असं नाही, टप्पा ६ मध्ये पाहिलंच.

## राऊटरला हात लावता येत नसेल तर

जागा भाड्याची, राऊटर मालकाचा, पासवर्ड कोणाकडेच नाही. अशा ठिकाणी मुनीमजींच्या एका पीसीपुरता रूट विंडोजमध्येच टाकता येतो. मायक्रोटिक १९२.१६८.१०.२ वर आहे असं धरून, कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि द्या:

रूट -पी ॲड १९२.१६८.२०.० मास्क २५५.२५५.२५५.० १९२.१६८.१०.२

कॅमेऱ्यांसाठी ३०.० ची तशीच दुसरी ओळ. मधलं वजा-पी विसरलात तर पीसी बंद होईपर्यंत चालेल, सकाळी पुन्हा फोन. ‘रूट प्रिंट’ दिलं की खाली कायमच्या रूटची वेगळी यादी येते. त्यात ओळ दिसली तरच सुटलो. लिनक्सवर आयपी रूट ॲडने टाकलेली ओळही अशीच रीबूटला जाते, ती नेटवर्कच्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये लिहावी लागते. सिस्कोच्या राऊटरवर चालू कॉन्फिगरेशन स्टार्टअपमध्ये कॉपी करावं लागतं. मायक्रोटिक लगेच जपून ठेवतो.

हा जुगाड मोबाईलला आणि प्रिंटरला लागू होत नाही. मिलवरचा परतीचा रूट याही प्रकारात हवाच.

## टप्पा ८: लिंक पडेल तेव्हाची सोय

मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असतो, आणि पत्र्याच्या शेडखाली ठेवलेला, रेडिओला नेटवर्क केबलमधूनच वीज देणारा पीओई ॲडॉप्टर भट्टीत असल्यासारखा तापतो. मान्सूनपूर्व वादळात डिश वाकते ती वेगळीच. अशा वेळी रेडिओ एकमेकांना दिसत नाहीत, पण राऊटरचं पोर्ट चालूच राहतं, त्यामुळे रूटपुढचा ‘ए’ही तसाच.

मिलचा दुसरा रस्ता असेल, समजा इंटरनेटवरून व्हीपीएन, तर लिंकच्या रूटमध्ये चेक गेटवेच्या जागी पिंग निवडा. राऊटर दर १० सेकंदांनी गेटवेला हाक मारतो. दोनदा उत्तर आलं नाही की तो रूट बंद करतो. व्हीपीएनच्या रूटला डिस्टन्स १० द्या. स्टॅटिक रूटचा मूळ डिस्टन्स १ असतो आणि लहान आकडा आधी वापरला जातो. दोन्ही राऊटरवर करा. एकाच बाजूला केलं तर जाणारं पाकीट व्हीपीएनने जाईल आणि उत्तर पडलेल्या लिंकवर धडकत राहील.

दुसरा रस्ता नसेल तर चेक गेटवे लावून उपयोग नाही. रूट बंद झाला की मिलची पाकिटं डिफॉल्ट रूट धरून इंटरनेटवाल्याकडे जातील, एवढंच.

## निघण्यापूर्वी

दोन्ही राऊटर प्लगमधून काढा, मिनिटभराने लावा, आणि टप्पा ७ मधले पिंग पुन्हा एकदा करा. दोन्हीकडे नवा बॅकअप घ्या. पहिल्या टप्प्यातला कागद साफ लिहून, खाली तिन्ही रूट उतरवून, त्याची एक प्रत दुकानाच्या रॅकच्या दाराला आतून आणि दुसरी मिलच्या राऊटरच्या पेटीत चिकटवा. पासवर्ड त्यावर लिहू नका, तो शेटजींच्या वहीत.